पहिल्या प्रेमाची कादंबरी : कोल्हापूरच्या कपाटातून

हा वाचक कोणता

आठवी-नववीपर्यंत मराठी मुलांच्या हाती 'फास्टर फेणे' असतो. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेले 'किशोर' मासिकही असते. त्यानंतर एकदम मोठ्यांचे कपाट उघडते. मधल्या पाच-सहा वर्षांसाठी वेगळा कप्पा मराठी प्रकाशनव्यवसायाने कधी नीटसा केलाच नाही. इंग्रजीत या वयासाठी 'यंग अॅडल्ट' नावाचा विभागच असतो. दुकानात त्याची वेगळी मांडणी असते, ग्रंथालयात वेगळी फळी असते. आपल्याकडची सोळा-सतरा वर्षांची मुलगी वाचनालयात जाते आणि 'ययाती' किंवा 'अमृतवेल' घेऊन घरी येते. तिला कोणी सांगितलेले नसते की हे तुझ्या वयासाठी आहे. मैत्रिणीने वाचलेले असते, बास.

म्हणून मराठीतल्या तरुणांच्या प्रेमकादंबरीची बलस्थाने आणि उणिवा पाहायच्या, तर याच कपाटापासून सुरुवात करावी लागते. हे कपाट भरण्याचे फार मोठे काम कोल्हापुरात झाले. या प्रकाराकडे 'हलकेफुलके वाचन' म्हणून पाहण्याची जी सवय आहे ती मला मान्य नाही. ज्या वयात माणूस सगळ्यात मनापासून वाचतो, त्या वयात हे हाती येते. त्याची पारख ऐतिहासिक किंवा ग्रामीण कादंबरीइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवी.

राजाराम कॉलेजची ती वर्षे

ना. सी. फडके १९२६ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक म्हणून आले आणि १९४९ पर्यंत इथेच शिकवत राहिले. 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९), 'अटकेपार' (१९३१) या कादंबऱ्या याच काळातल्या. कॉलेजात जाणारा देखणा, हुशार नायक आणि त्याच्या बरोबरीने बोलणारी नायिका महाराष्ट्रभर पोहोचली ती त्यांच्यामुळे. त्याच कॉलेजात १९३० च्या दशकात माधव जूलियन फारसी शिकवत होते. त्यांचे 'विरहतरंग' हे खंडकाव्य १९२६ चे. विषय पुन्हा तोच, तरुण प्रेम आणि ताटातूट.

१९३८ मध्ये वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापुरात आले. मास्टर विनायकांसाठी चित्रपटकथा लिहिणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते. पुढे १९७६ मध्ये निधन होईपर्यंत कोल्हापूर हेच त्यांचे गाव राहिले. 'क्रौंचवध', 'ययाती', 'अमृतवेल' या सगळ्या त्यांच्या कोल्हापूरच्या वास्तव्यातल्या. मराठी साहित्य संमेलनाची यादी पाहिली तरी या शहराचे वजन कळते. १९३६ मध्ये जळगावला माधव जूलियन अध्यक्ष, १९४० मध्ये रत्नागिरीला फडके, १९४१ मध्ये सोलापूरला खांडेकर. सहा वर्षांत तीन अध्यक्ष, आणि तिघेही कोल्हापूरकर. तिघांच्याही लिखाणात तरुण मनाचे प्रेम मध्यभागी.

हे त्या काळात का घडले, याचे एक कारण कॉलेजच्या इमारतीतच आहे. तोवर मराठी घरात स्थळ येत असे, पत्रिका जुळत असे, आणि मुलामुलीची पहिली नीट भेट लग्नानंतर होत असे. घरच्यांच्या नजरेबाहेर मुलगा आणि मुलगी एकमेकांशी बोलू शकतील अशी पहिली जागा म्हणजे कॉलेज. वर्ग, ग्रंथालय, गॅदरिंग, टेनिसचे मैदान. प्रेमकथेला आधी जागा लागते. ती मिळाल्यावर कादंबरी आलीच.

फडक्यांचे तंत्र : पान का उलटते

फडक्यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) या पुस्तकात कथालेखनाचे तंत्रच मांडले. सुरुवात कशी करायची, गुंता कुठे घालायचा, वाचकाची उत्कंठा कशी टिकवायची, उकल किती लांबवायची याचा त्यांनी खरोखर अभ्यास केला होता. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने कादंबरी बांधावी तशी त्यांची कादंबरी बांधलेली असते. एकही दुवा सुटा राहत नाही.

याचा फायदा तरुण वाचकाला थेट होतो. नवख्या वाचकाला पहिल्या पन्नास पानांत धरून ठेवणे ही सोपी गोष्ट नाही. फडके पहिल्या प्रकरणातच दोन माणसांना समोरासमोर आणतात, त्यांच्यात काहीतरी ठिणगी पाडतात आणि लगेच त्यांना वेगळे करतात. मग वाचक त्या दोघांना परत भेटवण्यासाठी वाचत राहतो. वाक्ये छोटी, संवाद खेळकर, वर्णने नजरेसमोर उभी राहणारी. मराठी गद्याला त्यांनी जो सफाईदारपणा दिला तो पुढच्या अनेकांनी, त्यांना नावे ठेवणाऱ्यांनीसुद्धा, वापरला.

पण हेच तंत्र कमकुवतही पडते. फडक्यांच्या प्रेमिकांना वेगळे ठेवणारी गोष्ट बहुतेक वेळा गैरसमज असते. अर्धवट ऐकलेले वाक्य, चुकीच्या हाती पडलेले पत्र, तिसऱ्याने घातलेला घोळ. दोघे दहा मिनिटे शांतपणे बसून बोलले असते तर कादंबरी संपली असती. अडथळा असा वरवरचा असला की उकलही वरवरची होते. शेवटी दोघे एकत्र येतात तेव्हा दोघांपैकी कोणीही फारसे बदललेले नसते. वाचकाला गंमत येते, पण दोन महिन्यांनी त्याला कोणता प्रसंग कोणत्या कादंबरीतला हे सांगता येत नाही. तंत्र इतके चोख की मागे काही उरतच नाही, ही मला या कादंबऱ्यांची मोठी उणीव वाटते.

खांडेकर : प्रेम संपल्यावर काय

खांडेकरांनी वेगळा प्रश्न धरला. दोघे एकत्र येतील का, यापेक्षा एकत्र येता आले नाही तर पुढे जगायचे कसे, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. 'कलेसाठी कला' म्हणणारा फडक्यांचा कलावाद आणि 'जीवनासाठी कला' म्हणणारा खांडेकरांचा जीवनवाद हा वाद मराठीत वर्षानुवर्षे गाजला. आज त्या वादातली घोषणाबाजी विसरायला हरकत नाही. पण कादंबरीच्या घडणीत या फरकाने काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

'अमृतवेल' (१९६७) घ्या. नंदाचे शेखरवर प्रेम आहे, आणि शेखर अपघातात जातो. दुसऱ्या लेखकाने हा प्रसंग शेवटच्या प्रकरणात ठेवला असता आणि वाचकाला रडवून पुस्तक मिटले असते. खांडेकर तो सुरुवातीला आणतात. मग पुस्तकभर नंदाचे काय होते हे पाहतात. जगण्यात अर्थ नाही असे वाटणारी ही मुलगी मैत्रिणीच्या, वसूच्या, घरी सोबतीला जाते आणि तिथे वसूचा नवरा देवदत्त याचे दुःख तिच्या समोर येते. ती त्या दुःखाकडे ओढली जाते. या ओढीला काय म्हणायचे आणि तिचे काय करायचे, हा कादंबरीचा खरा पेच. पहिले प्रेम गेले म्हणजे प्रेम करण्याची शक्ती गेली असे नाही, आणि ती शक्ती एकाच माणसापुरती राखून ठेवायची वस्तू नाही, इथवर नंदा येते. अठरा वर्षांच्या वाचकाला याची केवढी गरज असते! प्रेमभंग झालेल्या मित्राला 'अमृतवेल' द्यायची रीत महाराष्ट्रात अजून आहे. वाचनालयातली प्रत उघडली तर पेन्सिलीने केलेल्या रेघा दिसतात, एकाच ओळीखाली दोन-दोन वेगळ्या हातांच्या. समासात कोणीतरी तारीख घातलेली असते, कोणीतरी फक्त एक अक्षर. ग्रंथपालांना हे आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण या रेघा म्हणजे या कादंबरीच्या उपयोगाचा पुरावा आहेत.

'क्रौंचवध' (१९४२) मध्ये प्रेम आणखी मोठ्या गोष्टीशी जोडलेले आहे. सुलूच्या एका बाजूला दिलीप आहे, चळवळीत स्वतःला झोकून देणारा. दुसऱ्या बाजूला डॉक्टर भगवंतराव. इथे कोणावर प्रेम करायचे या प्रश्नात कोणते आयुष्य निवडायचे हा प्रश्न आपोआप येतो. गैरसमजाची गाठ नसून मूल्यांची गाठ आहे. ती दहा मिनिटांच्या बोलण्याने सुटत नाही.

पात्रे बोलतात की लेखक बोलतो

खांडेकरांची उणीव त्यांच्या चाहत्यांनाही माहीत असते. त्यांची पात्रे सुभाषितात बोलतात. चहा घेताना, गाडीची वाट पाहताना, भांडतानासुद्धा त्यांच्या तोंडून उपमा येतात, आणि सगळ्यांच्या उपमा एकाच झाडाच्या. विशीतली मुलगी आणि तिचे वडील एकाच घडणीची वाक्ये बोलतात. ओळीखाली रेघ मारावी अशी वाक्ये त्यामुळे भरपूर मिळतात, पण नंदा ही नंदा म्हणून ऐकू येत नाही.

ही तक्रार फक्त मराठीची नाही. जॉन ग्रीन यांच्या 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' (२०१२) या जगभर खपलेल्या कादंबरीवरही हाच आक्षेप घेतला गेला की कर्करोगाशी झुंजणारी ही सोळा-सतरा वर्षांची मुले प्राध्यापकांसारखी बोलतात. तरी दोन्हीकडचा तरुण वाचक या बोलण्यावर रुसत नाही. आपल्याला जे वाटते ते आपल्यापेक्षा नेमक्या शब्दांत कोणीतरी मांडावे, अशी त्याची इच्छाच असते. त्यामुळे मी या दोषाला जरा सौम्य माप लावीन. कृत्रिम बोलणे हा दोष खराच, पण या वयात ते भाषा शिकवते. अडचण तेव्हा होते जेव्हा वाक्य भावनेच्या आधी येते, आणि खांडेकरांच्या मधल्या काळातल्या कादंबऱ्यांत ते बऱ्याचदा येते.

मुलगी कोणाच्या नजरेतून दिसते

फडक्यांच्या नायिकेचे श्रेय आधी देऊ. ती शिकते, बोलते, हसते, पुरुषाला उत्तर देते. १९३० च्या आसपास मराठी मुलींना अशी नायिका पाहायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. पण ती सतत पाहिली जाते. तिची साडी, तिच्या केसांतले फूल, तिची चाल याची वर्णने जितकी सविस्तर, तितके तिला कॉलेज संपल्यावर काय करायचे आहे हे येत नाही.

कमतरता काळाची होती असे म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच काळात दुसरे पुस्तक आलेले होते. विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ चे. त्या कथांतल्या मुली शिकलेल्या, कमावत्या, वय वाढत चाललेल्या. त्यांना प्रेम हवे आहे, शरीरसुख हवे आहे, घराची जबाबदारीही त्यांच्याच डोक्यावर आहे आणि या सगळ्याचा मेळ बसत नाही. या नावामागे कोण आहे याची केवढी चर्चा झाली. त्या होत्या मालतीबाई बेडेकर. नायिकेला स्वतःची इच्छा असते हे त्यांनी आतून लिहिले. हे पुस्तक आणि 'दौलत' यांच्यात चारच वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर वाचताना फार मोठे वाटते.

खांडेकरांनी 'ययाती'त (१९५९) एक चांगली वाट काढली. कथा ययातीबरोबर देवयानी आणि शर्मिष्ठाही स्वतःच्या तोंडून सांगतात. एकाच नात्याची तीन वेगळी निवेदने वाचताना तरुण वाचकाला आपोआप कळते की प्रेमात समोरच्याचीही एक बाजू असते. या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ चे ज्ञानपीठ खांडेकरांना मिळाले, मराठीला मिळालेले ते पहिलेच. पण पुरस्कारांपेक्षा मला तिचा हा गुण मोलाचा वाटतो.

जात आणि पैसा गेले कुठे

इथे मी जरा थांबणार आहे, कारण ही सगळ्यात मोठी उणीव आहे आणि तिचा संबंध थेट कोल्हापूरशी आहे.

छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ मध्ये करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. फडके इथे येण्याच्या सात वर्षे आधी. या शहरात विद्यार्थ्यांची वसतिगृहे जातीजातींची होती, आणि तीही शाहू महाराजांनीच उभारायला मदत केलेली, कारण गावाकडून येणाऱ्या बहुजन मुलांना शहरात राहायला जागा मिळत नसे. म्हणजे राजाराम कॉलेजच्या वर्गात कुणबी, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लीम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतली मुले बसत होती. प्रेमाला खरा अडथळा काय असतो, याची गोष्ट वर्गाच्या बाकांवरच होती.

ती कादंबरीत जवळजवळ आली नाही. नायक-नायिकांची आडनावे एकाच वर्तुळातली, घरे एकाच प्रकारची. पैशाची चणचण असली तरी ती नायकाचा स्वाभिमान दाखवण्यापुरती. खांडेकरांनी गरिबी, ध्येयवाद, शेतकऱ्यांचे प्रश्न आणले हे कबूल केले पाहिजे. शिरोड्यासारख्या खेड्यातल्या शाळेत अठरा वर्षे काढलेल्या माणसाला ते दिसणे स्वाभाविक होते. पण जात ओलांडणारे प्रेम, त्याचे घरात होणारे पडसाद, मुलीवर होणारी सक्ती हे त्यांच्याही कादंबरीच्या मध्यभागी नाही.

याचा परिणाम वाचकावर होतो. गडहिंग्लजहून किंवा शाहूवाडीहून एसटीच्या पासवर कॉलेजला येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला या कादंबऱ्यांत स्वतःचे मन सापडते, पण स्वतःचे घर सापडत नाही. नंदाचे दुःख त्याचे होते. नंदाचा दिवाणखाना त्याचा नसतो.

बिघडवते का

घरातल्या मोठ्यांची एक जुनी शंका : असले वाचून मुले बिघडतात. तिची तपासणी न्यायालयात झालेली आहे. चंद्रकांत काकोडकर हे अतिशय वाचले गेलेले प्रेमकादंबरीकार. त्यांच्याच 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' चित्रपट निघाला. त्यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निर्दोष ठरवले. कोवळ्या वयाच्या वाचकावर परिणाम काय होईल हाच प्रश्न निकालात होता. न्यायालयाने असा विचार केला की लैंगिक गोष्टीचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि कोवळ्या वाचकासाठी म्हणून सगळेच साहित्य सोवळे करता येणार नाही.

माझी काळजी वेगळी आहे. प्रेमदृश्यापेक्षा जास्त नुकसान करते ती चिकाटीची गोष्ट. मुलगी 'नाही' म्हणते, नायक मागे लागत राहतो, आणि शेवटी ती 'हो' म्हणते. ही रचना मराठी कादंबरीत, नाटकात, चित्रपटात इतकी रुळली की मुलाला नकार हा पहिला टप्पा वाटू लागतो. या प्रकारातल्या कोणत्याही पुस्तकात हे एक ठिकाण मुद्दाम तपासून पाहावे.

कोसला, शाळा आणि नंतर

१९६३ मध्ये भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'ने कॉलेजच्या तरुणाला प्रेमकथेतून बाहेर काढले. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला येतो आणि त्याच्या कॉलेजच्या वर्षांत नायिका नावाची गोष्टच नसते. ते उत्तर जोरदार होते. पण त्यामुळे एक नुकसानही झाले : गंभीर लेखकाने तरुण प्रेमावर लिहायचे नसते असा समज पसरला आणि तो विषय लोकप्रिय कादंबरीकडे गेला. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' (१९८२) त्यातली सगळ्यात जिवंत. पुण्याचा कट्टा, तिथली मैत्री, शिव्या, उधारी हे त्यात खरे वाटते. प्रेमापेक्षा दोस्तीच जास्त खरी वाटते.

मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'ने (२००४) तो विषय परत आणला, आणि अगदी कमी सामानात. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. चार मित्र अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसतात आणि मुलींबद्दल बोलतात, निम्मे ऐकीव आणि निम्मे बनावट. जोशीच्या प्रेमात सांगण्यासारखे फार काही घडत नाही. ती कुठल्या वाटेने येते, तिने आज आपल्याकडे पाहिले की मागच्या बाकाकडे, तिच्याशी बोलायला सबब कोणती, यातच महिने जातात. यात फडक्यांची उत्कंठा आहे, पण गैरसमजाच्या कुबड्या नाहीत. बोलण्यात एकही सुभाषित नाही. मुले त्यांच्या वयाचेच बोलतात. उणीव एवढीच की शिरोडकर शेवटपर्यंत जोशीच्या नजरेतलीच राहते. ती मुद्दाम तशी ठेवली आहे हे कळते, कारण नववीतल्या मुलाला एवढेच दिसू शकते. तरी तिने लिहिलेली 'शाळा' कशी झाली असती, हा विचार पुस्तक मिटल्यावर मनातून जात नाही.

कोणी काय वाचावे

पंधराव्या-सोळाव्या वर्षी 'शाळा' आधी द्यावी. प्रेमभंग झालेला असेल तर 'अमृतवेल', पण एका बैठकीत नको. उपमांचा थकवा येतो. 'ययाती' अठरानंतर, आणि वाचताना देवयानीचा भाग वगळू नये, ती आवडत नसली तरी. फडके वाचायचे ते लेखक होऊ पाहणाऱ्याने : 'दौलत' किंवा 'जादूगार' हाती घेऊन प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकाला काय सांगितले आणि काय लपवले याची टिपणे काढावीत. कोल्हापुरात १८५० पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात जाऊन ही पुस्तके एका टेबलावर शेजारी शेजारी मांडून पाहण्यात वेगळा फायदा आहे, कारण फरक लगेच दिसतात.

आणि 'कळ्यांचे निःश्वास' मुलींबरोबर मुलांनीही वाचावे, शक्यतो 'दौलत'च्या लगेच नंतर. सतत पाहिल्या जाणाऱ्या नायिकेनंतर लगेच घर चालवणाऱ्या, थकलेल्या, तरीही कोणाच्या तरी स्पर्शाची वाट पाहणाऱ्या मुलीची कथा समोर आली, की आधीच्या पुस्तकातली कोणती पाने लेखकाने लिहिलीच नव्हती ते वाचकाला स्वतःहून दिसते.